नाव कोरलेला गिलास

मुलांनो, मातीची एक वाटी डोळ्यांसमोर आणा. अडीच हजार वर्षं जुनी, काठाशी टोकदार कशानं तरी नाव खरडलेली. आता ती वाटी फळ्यावर खडूनं काढलेली आहे असं समजा, आणि सातवीच्या त्या वर्गात माझ्याबरोबर येऊन बसा. नागपूरच्या उत्तरेला असलेल्या सौंसरपासून कोसभरावरची शाळा. साल शहाऐंशी, मार्चमधली तापलेली दुपार.

"नाईल नदीच्या काठी ग्रीक व्यापाऱ्यांची वस्ती होती. नॉक्रॅटिस," मधुकर गुरुजी सांगत होते. "स्वतःच्या देशात ही माणसं गावागावांत भांडायची. पण तिथं, इजिप्तमध्ये, नऊ गावांनी मिळून एक देऊळ बांधलं."

"काऊन गुरुजी?" मुकुंदनं विचारलं. त्याच्या वडिलांची संत्र्याची बाग शाळेला लागूनच होती.

"इजिप्तच्या लोकांना कोण कुठल्या गावचा याच्याशी काय करायचं होतं? त्यांच्या लेखी सगळे ग्रीक सारखे. ग्रीकाची सुरी, ग्रीकाचं पातेलं ते वापरत नसत. विटाळ मानत."

वर्ग हसला. तिसऱ्या ओळीतली छाया हसली नाही.

"मंग ग्रीकायनं काय केलं?" मुकुंदनं पुन्हा विचारलं.

"वाट्यांवर आपलं नाव कोरलं. कुणी गावाचंही कोरलं. आणि त्या वाट्या देवळात, चारचौघांना दिसतील अशा ठेवल्या."

छायानं पिशवीत हात घातला. आत तिचा स्टीलचा गिलास होता. तिचे बाबा हिरामण यांनी धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनी नागपूरला गेले तेव्हा तिथून आणलेला. त्यावर टिंबाटिंबांनी कोरलं होतं : छाया हिरामण गजभिये. शाळेच्या माठावर एक पितळी गिलास असे, तो सगळ्यांचा. बुद्धविहाराकडच्या घरांतली पाच पोरं मात्र आपापला गिलास घरून आणत. तसा नियम कुणी लिहिला नव्हता. कुणी त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

"गुरुजी," ती उभी राहिली. "आपल्या शाळेत इजिप्तवाले कोन हायेत?"

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

व्हरांड्यात माठापुढं रांग लागली. पाणी द्यायला जयवंताबाई बसल्या होत्या. विहाराकडची पोरं बाजूला, पायरीखाली उभी राहिली. जयवंताबाई त्यांना वरून, हातभर अंतरावरून पाणी ओतत. छाया आज पायरी चढून रांगेत आली.

"ए ग्रीक!" मुकुंद ओरडला. "तुही रांग तिकडं!"

पोरं खो खो हसली. छाया वळली.

"ग्रीक त ग्रीक. पन मंग तू कोन झाला, ते सांग."

रांग पुढं सरकली. छायाचा नंबर आला तेव्हा तिनं स्वतःचा गिलास पुढं केला नाही. माठावरचा पितळी गिलास उचलला, ओगराळ्यानं पाणी घेतलं.

"अवं पोरी, काय करून राहिली तू? थांब, मी ओतून देतो!" जयवंताबाई अर्ध्या उठल्या.

"राहू द्या मावशी. मले येते."

ती घटाघटा पाणी प्यायली. वर्गातून मधुकर गुरुजी बाहेर आले. बारा वर्षं ते याच माठाचं पाणी पीत होते, पण पायरीखालच्या पोरांबद्दल कधी बोलले नव्हते. सगळ्यांकडं एकदा बघून ते मुकुंदच्या मागं, त्याच गिलासानं पाणी प्यायला रांगेत येऊन उभे राहिले.

छायानं पितळी गिलास विसळून जागेवर पालथा ठेवला. मग पिशवीतून आपला गिलास काढला. तो माठावर, पितळी गिलासाशेजारी ठेवला आणि नावाची बाजू रांगेकडं वळवली.