सगळ्यांत उंच हात

चौऱ्याहत्तर साली बी.एड. करणाऱ्या शालनचा पहिला सरावपाठ दौंडजवळच्या एका शाळेत, सातवीच्या वर्गावर होता. पाठ तपासायला प्राध्यापक मागे बसणार, म्हणून मैत्रिणीने शिकवलेली युक्ती तिने मुलांना आधीच सांगून ठेवली. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा.

पाठ झकास झाला. प्रत्येक प्रश्नाला अख्ख्या वर्गाचे हात वर जात होते आणि शालन उजवे हात बघून एकेकाला उठवत होती. शेवटच्या ओळीतली अंजना मात्र दर वेळी डावा हात सगळ्यांहून उंच ताणायची. शालनला तिचा रागच आला.

"सगळ्या मुलांकडे लक्ष होतं तुमचं," असं म्हणून प्राध्यापक गेले, तशी ती अंजनाकडे वळली.

"एकाही प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, मग हात कशाला नाचवत होतीस?"

"समदी येत व्हती, बाई."

"मग उजवा वर करायला काय झालं होतं?"

वर्ग हसला. अंजना उभी राहिली. तिच्या पोलक्याची उजवी बाही नुसतीच लोंबत होती.

"हात कडबा कुट्टीच्या मशिनीत गेला, बाई. औंदा दिवाळीत."

टेबलावरचे खडू गोळा करता करता शालन हळूच म्हणाली, "उद्या माझा दुसरा पाठ आहे. तू उद्या घरीच थांब."