पाश्चात्त्य संगीत उपसमिती

“गणपूर्ती नाही,” नंदकिशोरकाका म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “सभा अर्धा तास तहकूब. तोवर वीस माणसं जमली नाहीत, तर ठराव बारगळला.”

शुभाने ड्रमच्या काठ्या मांडीवर आडव्या धरल्या. ठराव बारगळायलाच हवा होता. तो त्यांचा बँड बरखास्त करण्याचा होता.

मुलुंडच्या त्या सोसायटीत सरावाला जागा एकच, तळमजल्यावरचा हॉल. तो फक्त सोसायटीच्या समित्यांना मिळे. म्हणून सचिव नंदकिशोरकाकांनी बँडची ‘पाश्चात्त्य संगीत उपसमिती’ करून टाकली. तेव्हापासून गाणं बदलायला सूचक लागे, लय वाढवायला अनुमोदक. अशा रीतीने बँडने घाटकोपरची स्पर्धा जिंकली, मग अंधेरीचीही. मागच्या महिन्यात श्यामसुंदरने आपला गिटारचा सोलो वाढवून मागितला. शुभाने विरोधात मत दिलं. बेसवाला जयवंत नेहमीप्रमाणे तटस्थ राहिला. श्यामसुंदरने चिडून बरखास्तीचा ठराव आणला. उपसमिती मोडायची तर अख्ख्या सोसायटीची सभा हवी.

पण आज रविवार संध्याकाळ. अख्खी सोसायटी दूरदर्शनवरच्या सिनेमासमोर बसली होती.

“तुझ्यासाठी कोण सिनेमा सोडून येणार रे?” शुभा श्यामसुंदरला म्हणाली.

“तुझ्यासाठी तरी कोण येतंय?”

करायला दुसरं काही नव्हतं. श्यामसुंदरने गिटार जुळवायला घेतली. जुळवता जुळवता तो वाजवू लागला. शुभाने हलकेच ताल धरला. जयवंत कोणाला न विचारता मध्ये शिरला. सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता. सोलो लांबत गेला, आणि पहिल्यांदाच शुभाला तो संपू नये असं वाटलं.

“अजून घे!” ती ओरडली.

दुसऱ्या मजल्यावरच्या रुक्मिणीमावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. “मेल्यांनो, हिरॉइनचं लग्न अर्ध्यावर टाकून आल्ये मी,” म्हणत त्यांनी पुढची खुर्ची धरली. त्यांच्यामागून तिसरा मजला आला, मग पहिला. खुर्च्या संपल्या. लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

श्यामसुंदर वाजवत वाजवत ड्रमजवळ सरकला. “ठराव मागे घेतो यार!”

“काकांना सांग ना!”

“गाणं तर संपू दे!”

टेबलामागे अर्धा तास संपला होता. काकांनी डोकी मोजली, वीसच्या वर भरली. मग उभं राहून ठराव वाचला, आणि बरखास्तीच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत, असं सांगितलं. ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

शेवटचा ठोका पडला. सगळा हॉल डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवू लागला. काका पेन्सिलीच्या टोकाने एकेक रांग मोजत पुढे आले. उपसमितीतल्यांनाही मत होतं, म्हणून त्यांनी शेवटी बँडकडे पाहिलं.

शुभाचे दोन्ही हात काठ्यांसकट वर होते. काकांनी एकच मोजला.