नजरेवर टिकलेलं पान

नवरा यशोधर पुलाच्या अपघातात गेल्यावर अनुराधानं त्याच्याविषयी एका आठवणींच्या वेबसाइटवर एक पान लिहिलं. वर्षभरात ते निम्म्यावर आलं. त्याची शीळ, त्याचे रुसवे, त्यानं लावलेली बकुळ, सगळं गळून गेलं होतं. तिनं वेबसाइटच्या कंपनीत फोन लावला.

“ताई, पान कॅमेऱ्यातून वाचणाऱ्यांची नजर बघतं,” पलीकडची मुलगी म्हणाली. “ज्यावर नजर थांबत नाही, तो मजकूर आपोआप काढून टाकतं.”

“मग मीच वाचेन.”

तिनं सगळा मजकूर पुन्हा भरला आणि रोज ओळ न् ओळ वाचू लागली. आठवड्याभरात पानावर एकच वाक्य उरलं, ठळक अक्षरांत: ‘पूल खचला तेव्हा तो फोनवर माझ्याशी बोलत होता.’

तिनं पुन्हा फोन केला. “हे कोण वाचत बसलं होतं?”

“या आठवड्यात फक्त तुम्हीच, ताई.”