बोटावरची शाई

ऑक्टोबर २००४. रियाधमधल्या ऑफिसात रॉजरने टपालाने आलेली अमेरिकेची मतपत्रिका भरली, पाकीट बंद केलं आणि शेजारच्या सदानंदपुढे सरकवलं. त्याच्या राज्यात अशा मताला साक्षीदाराची सही लागायची.

सदानंदने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं.

"माणूस रियाधमध्ये आणि मत अमेरिकेत? बोटाला शाईसुद्धा नाही?"

"शाई कशाला? सही आहे ना," रॉजर म्हणाला.

"सही कोणीही ठोकेल. उद्या काही भानगड निघाली तर माझा इकामा, इथे राहायचा परवानाच जायचा." सदानंदने पाकीट परत केलं. "आमच्याकडे असली लबाडी चालत नाही. बोटाला शाई लागली, की संपला विषय."

महाराष्ट्रात त्याच दिवशी विधानसभेचं मतदान होतं. संध्याकाळी त्याने कोकणात धाकट्या भावाला फोन लावला.

"झालं का रे मतदान?"

"झालं की! वाडीने बैठकीत ठरवलं, त्यालाच दिलं सगळ्यांनी."



"आणि दादा," भाऊ पुढे म्हणाला, "तुझं मतही मीच टाकून आलो. फक्त मधे शाई घासून काढताना बोट सोललं."