चौतीस पिशव्या

धाकटीने नाकाला फडकं बांधलं, ड्रमचं झाकण उचललं आणि लगेच परत टाकलं. आतल्या काळ्या पाण्यावर पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. माशांची आतडी, कुजका पाला आणि गूळ यांचं हे खत तिच्या थोरल्या जावेने स्वतःच्या हातांनी आंबवलं होतं, आणि वर ती त्याचं कौतुकही करायची.  मग श्वास रोखून धाकटीने ते पुन्हा उघडलं आणि मगा बुडवला.

गच्चीवर चौतीस पिशव्या होत्या. जाड कापडाच्या, गुडघ्याएवढ्या. टोमॅटो, वांगी, मिरच्या, घेवडा. कापडातून मुळांना हवा मिळते म्हणे. मिळत असेल, पण त्याच हवेने माती दुपारपर्यंत खडखडीत होते, म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाणी. वरून ओतलं की चारी बाजूंनी तपकिरी पाझर सुटायचा. पिशव्यांच्या अंगावर शेवाळ चढलं होतं आणि शेवाळावर क्षारांची पांढरी खरूज. हात लागला की वास बोटांत मुरायचा. साबणाने तीनदा धुतले तरी जेवताना घास तोंडाशी नेववत नसे.

हा पाझर गच्चीच्या भेगेतून खालच्या खोलीत उतरायचा, आणि त्या खोलीत धाकटीचा शिवणवर्ग होता. पाच मशिनी, अकरा मुली. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्यात तिने माझं म्हणावं असं उभं केलेलं हे एवढंच.

तिचं मागणं साधं होतं. गच्ची दोघींची आहे, तर पिशव्या काढा, वर पत्रे घालू, वर्ग तिथे नेऊ. थोरली हसून म्हणायची की ती माझी लेकरं आहेत, लेकरांना कुणी घराबाहेर काढतं का? थोरली लेकीच्या बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी निघाली, त्याच्या आदल्या दिवशी मात्र खडाजंगी झाली. तुमच्या लेकरांच्या मुताने माझी खोली बुडतेय, असं धाकटी बोलून गेली. थोरली उठून सामान बांधायला आत गेली, आणि तेच धाकटीला जास्त लागलं.

सकाळी थोरली गेलेली होती. गच्चीच्या नळाला चिठ्ठी अडकवली होती. 'पिशव्यांवर पाणी सोडलंय. आता तुझं तू बघ.'

धाकटीने पिशवीत बोट खुपसून पाहिलं. माती ओली होती. म्हणजे आजचं झालं, उद्यापासून आपली पाळी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! एवढं भांडण होऊन बाई जाता जाता हुकूम सोडून गेली, याची तिला खताइतकीच किळस आली.

नवरा म्हणाला, वाळू दे की. पण धाकटी काही दुधखुळी नव्हती. पिशव्यांशी तिचं हाडवैर अख्ख्या सासरला ठाऊक होतं. एक रोप जरी सुकलं असतं, तरी हिनेच मारलं म्हणून सगळ्यांनी तिच्या नावाने शंख केला असता. भांडणात बाजू तिची खरी होती. ती तिला अशी घालवायची नव्हती.

दर रविवारी थोरलीचा फोन यायचा. बाळाचं रडणं, लेकीचं दुखणं सांगून झालं की ती हळूच विचारायची.

"वर मोकळं वाटतंय ना आता?"

"वाटतंय ना, ताई." धाकटी नखांतली काळी घाण बघत म्हणायची.

"आणि वर्ग?"

"चाललाय."

"काही लागलं तर सांग हो. संकोच नको करू."

जखमेवर मीठ चोळायलाच फोन करते, असं धाकटीला वाटायचं. रडगाणं गायचं नाही, तेवढाही आनंद हिला मिळू द्यायचा नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं. फोन ठेवून ती पुन्हा वर जायची आणि ड्रमचं झाकण उघडायची.

दुसऱ्या महिन्यात छताला काळी बुरशी धरली. चिलटं सुईच्या भोवती फिरू लागली. एके दिवशी एका मुलीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर छतातून थेंब पडला. तिने कापड नाकाशी नेलं, टेबलावर ठेवलं आणि उठून गेली ती पुन्हा आली नाही. अकराच्या सात झाल्या, सातच्या दोन. वर टोमॅटो लालबुंद लगडले होते, वांगी तर टम्म फुगली होती. धाकटीला त्यांच्याकडे बघूनच शिसारी यायची. तिने एकही तोंडात घातलं नाही, सगळी शेजारी वाटून टाकली.

थोरली परत यायच्या आदल्या दिवशी पाचही मशिनी एका बाईने विकत घेऊन गाडीतून नेल्या. धाकटीने रिकाम्या खोलीला कुलूप लावलं, खूप रडली, आणि वर जाऊन संध्याकाळचं पाणी घातलं.

थोरली आली ती पत्रे बसवणाऱ्या मिस्त्रीला सोबत घेऊनच. चहाही नको म्हणाली. धाकटीचा हात धरून तिला ओढतच जिना चढली. पिशव्यांवर सावली करून हवी असेल, तेवढंच राहिलं होतं, असं धाकटीच्या मनात आलं.

दार उघडून थोरली उंबऱ्यातच थांबली आणि तिने रुमाल नाकाला लावला. मिस्त्रीने मोजपट्टी काढली. ती कुठे टेकवावी हे त्याला कळेना, म्हणून तो तसाच उभा राहिला.

"बघा ताई," धाकटी म्हणाली. "वर्ग बंद पडला, पण तुमचं एक रोप मरू दिलं नाही."

थोरलीने नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"अगं, पण मी तर यांच्यावर पाणी सोडलं होतं ना," ती म्हणाली. "तुझ्या वर्गासाठी."