चोविसावा प्राणी

प्रदर्शनातल्या स्टॉलवर सुधन्वाने मोजली, तेव्हा गेंड्याच्या शिंगाची लांबी बरोबर साडेतीन मिलिमीटर भरली. पूर्वी टूथपेस्टच्या खोक्यातून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या चोवीस प्राण्यांपैकी सुधन्वाकडे फक्त गेंडाच नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी त्याने मला लग्नाचं विचारलं, तेव्हा 'हो' म्हणायची भीती वाटली आणि 'नाही' म्हणवेना, म्हणून मी म्हटलं, "तुझा संच पूर्ण झाला की करू." तेव्हापासून संग्राहकांच्या प्रत्येक प्रदर्शनात तो गेंडा शोधतो आणि मी तो पाण्यात टाकून तपासते. असली बुडतो, नकली तरंगतो. आजवर एकोणीस तरंगले.

"आल्या परीक्षक बाई! ग्लास भरूनच ठेवलाय," स्टॉलवाले काका म्हणाले.

विसावा गेंडा मी ग्लासात सोडला. तो चारही पाय वर करून आरामात तरंगू लागला.

"असू दे. पुढच्या वर्षी बघू," सुधन्वा म्हणाला आणि स्वच्छच असलेला चष्मा पुसत राहिला.

मी बोटाने गेंडा तळापर्यंत दाबला आणि बोट तिथेच ठेवलं.

"अहो बाई, बोट काढा, लगेच वर येईल तो!" काका म्हणाले.

"बुडाला," मी म्हटलं. "सुधन्वा, लग्न करू या."