मुंबईकडे तोंड

कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला आणि फणसाच्या बुंध्यातून पांढरा चीक बाहेर आला. भागोजीने पातं हिसकून काढलं आणि दुसरा घाव घातला.

बंद दाराआडून त्याची बायको ओरडली, "अवो, अजून मुंग्याच दिसतायत!"

"दम धर गो! आडवा आलाय मेला!"

आडवा आला होता तो फणस. भागोजीने मुंबईहून टीव्ही आणला होता, वाडीतला पहिलाच. अंगणात उंच बांबू उभा केला होता, वर अँटिना. बांबू हाताने फिरवता यावा म्हणून पडवीच्या खांबाला सुंभाने सैल बांधला होता. आणि अँटिनाचं तोंड केलं होतं उत्तरेला, मुंबईकडे. पश्चिमेला रत्नागिरीच्या डोंगरावर टॉवर झालाय हे त्याच्या कानावर होतं. म्हणून तर टीव्ही आणला. पण मनिऑर्डर येते मुंबईहून, लुगडी येतात मुंबईहून, टीव्ही आला मुंबईहून, मग चित्र काय रत्नागिरीहून येणार? वाडीत कुणालाच यात काही चुकलंय असं वाटलं नाही. उत्तरेला होता फणस. म्हणजे चोर सापडला!

रविवारच्या सिनेमाला झाडून सारी वाडी जमली होती. उजेड नको म्हणून दार ओढून घेतलं होतं. पडद्यावर नुसती खरखर. म्हातारा धाकू म्हणाला, "भागोजी, ह्या मुंग्या मुंबईच्या की आपल्याच वारुळातल्या?" सगळे खो खो हसले. मुंबईत मुकादमाच्या शिव्या खाली मान घालून ऐकणारा माणूस, पण वाडीचं हसू त्याला सोसवलं नाही. तो उठला आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

"एक फांदी आड येते, तेवढी तोडतंय," तो म्हणाला.

पुढेच बसलेली राही, त्याच्या धाकट्या भावाची बायको, म्हणाली, "एकच हां, भावजी."

कारण झाड तिच्या नवऱ्याचं होतं. वाटण्यांत अंगण थोरल्या भागोजीला गेलं आणि अंगणातला फणस धाकट्या महिपतला. आमच्याकडे असंच असतं, जमीन एकाची नि झाड दुसऱ्याचं. महिपतने पलीकडे नवं घर बांधायला घेतलं होतं. भिंती उभ्या होत्या, दारात गोणपाट लटकत होतं. दारं या फणसाची व्हायची होती.

महिपत लाकडांचा भारा घेऊन वर आला तेव्हा बुंध्याला वीतभर खाच पडली होती. त्याने भारा तिथेच टाकला.

"दादा! काय करतंस?"

"दिसत नाय? झाड तोडतंय."

"झाड माजं हाय."

"अंगण माजं हाय."

"पंचांनी दिलंय मला!"

"मग घेऊन जा खांद्यावर! माज्या अंगणात नको!"

महिपत धावत आला आणि खाचेला पाठ लावून उभा राहिला. भागोजीने त्याचं मानगूट धरलं, ओढलं, पोटात गुडघा घातला. एका आईचं दूध प्यालेले दोघे! महिपत वाकला, आणि वाकल्या वाकल्याच त्याचा हात कमरेच्या आकडीला गेला. कोयती निघाली. भागोजीचा दंड कोपरापर्यंत उघडा झाला.

भागोजीने रक्ताकडे पाहिलं. मग त्याला काही दिसेनासं झालं. त्याने कुऱ्हाड उलटी केली आणि बोथट बाजू महिपतच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज आला. कोयती खाली पडली. दुसरा तडाखा डोक्यावर बसला.

महिपत भेलकांडत मागे गेला. हाताला बांबू लागला, तो त्याने धरला, आणि बांबूला विळखा घालून तो खाली बसत गेला. त्याच्याबरोबर बांबू फिरला. वरच्या काड्या करकरल्या आणि सूर्य बुडत होता त्या बाजूला तोंड करून थांबल्या.

घरातली खरखर एकदम थांबली. बाजाचा आवाज आला. मग सगळी वाडी ओरडली.

"आलं! आलं! लख्ख आलं!"

"कपाळावरचं कुंकूसुद्धा दिसतंय गो!"

टाळ्या पडल्या. भागोजीची कुऱ्हाड तिसऱ्यांदा वर गेली होती, ती तशीच राहिली. पात्याला लागलेला चीक त्याच्या मनगटावरून ओघळून रक्तात मिसळला.

महिपतच्या कपाळावरून रक्त दोन्ही डोळ्यांत उतरलं होतं. बांबू मात्र त्याने सोडला नव्हता.

"दादा," तो म्हणाला, "मला काय दिसत नाय रं."

भागोजीच्या हातून कुऱ्हाड गळली. तो गुडघ्यांवर बसला. लहानपणी नदीत बुडता बुडता केसांना धरून बाहेर काढलेला हा भाऊ, त्याचं डोकं त्याने छातीशी धरलं. रक्त थांबेना. त्याला उचलून रस्त्यापर्यंत न्यायला हवं होतं, हातखंब्याच्या दवाखान्याकडे जाणारी एखादी गाडी अडवायला हवी होती. "सोड, महिपत. सोड बाळा," म्हणत तो बांबूवरची बोटं एकेक करून उलगडू लागला. बोटं घट्ट आवळली होती. त्याने जोर लावला तसा बांबू हलला.

घरात खरखर सुरू झाली. सगळी वाडी कळवळून ओरडली. आणि त्या गलक्यातून राहीचा आवाज वर चढला.

"भावजी, हलवू नका! होतं तसंच धरून ठेवा!"